चुकांची साक्ष

१९६९ साली बिहारच्या शहाबाद जिल्ह्यातल्या एका केंद्रावर शालान्त परीक्षा झाली. इतर केंद्रांवर सरासरी निम्मी मुलं पास होत होती, तर या केंद्रावर उत्तीर्णांचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या घरात गेलं. परीक्षा मंडळाने उत्तरपत्रिका काढून पाहिल्या. उत्तरं एकमेकांशी इतकी जुळत होती की बाहेरून मदत मिळाल्याशिवाय असं घडणं शक्य नव्हतं. मंडळाने केंद्राची परीक्षा रद्द केली. छत्तीस परीक्षार्थी कोर्टात गेले. आमच्यापैकी कोणाला कॉपी करताना पकडलेलं नाही, आमची बाजूही ऐकून घेतलेली नाही, मग शिक्षा कसली, असा त्यांचा सवाल होता. पाटणा उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी नागपुरातच वकिली केली, इथल्या विधी महाविद्यालयात शिकवलं आणि १९५४ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्यांच्या निकालाचा गाभा असा होता: इथे कोणा एकावर आरोप नाही, शिक्षाही कोणा एकाला नाही. संशय संपूर्ण केंद्रावर आहे, म्हणून प्रत्येकाला वेगळी नोटीस देण्याची गरज नाही. मंडळ परीक्षा रद्द करू शकतं आणि त्यासाठी निकालाची टक्केवारी व उत्तरांमधलं साम्य हा आधार पुरेसा आहे.

कॉपी पकडण्याच्या आकडेशास्त्राचे दोन रस्ते इथेच वेगळे होतात. एक रस्ता ‘इथे काहीतरी गडबड झाली’ एवढंच सांगतो आणि तिथे थांबतो. दुसऱ्याला ‘हा तो मुलगा’ इथपर्यंत पोहोचायचं असतं. पहिला बराच पक्का आहे. दुसऱ्यावर पावलोपावली पाय घसरतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि देशात परीक्षांवरून जे वाद पेटले, त्यांतले बरेचसे पहिल्या रस्त्याने मिळालेला पुरावा दुसऱ्या मुक्कामावर वापरण्याच्या घाईतून, किंवा याच्या नेमकं उलट केल्यामुळे पेटले.

दुसऱ्या रस्त्याची सुरुवात जवळपास शंभर वर्षांपूर्वीची. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बर्ड यांनी एक साधी गोष्ट हेरली. दोन विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरं जुळली तर त्यात नवल नाही, कारण दोघांनी अभ्यास केलेला असतो. पण दोघांच्या चुका जुळल्या तर? बरोबर उत्तर एकच असतं, चुकीची तीन असतात. वेगवेगळं डोकं वापरणारी माणसं चुकतातही वेगवेगळी. तेव्हा साक्ष घ्यायची ती चुकांची.

कागदावर मांडून पाहू. चार पर्यायांची प्रश्नपत्रिका आहे. शेजारी बसलेल्या दोन मुलांचे वीस प्रश्न असे आहेत की ते दोघांचेही चुकले. तीन चुकीचे पर्याय सारखेच मोहक असतील, तर एका प्रश्नावर दोघांची चूक योगायोगाने जुळण्याची शक्यता एक-तृतीयांश. म्हणजे विसापैकी सहा-सात चुका जुळणं अगदी स्वाभाविक. दहा जुळल्या तरी कोणी भुवई उंचावू नये. पण अठरा किंवा त्याहून जास्त जुळल्या, तर हा योगायोग साधारण त्रेचाळीस लाखांत एकदाच घडेल. एवढं ऐकल्यावर कोणाचंही मत बनतं: पकडला!

पण जरा थांबायला हवं. प्रश्न काढणारे शिक्षक चुकीचे पर्याय सारखे मोहक ठेवत नाहीत. त्यांतला एक चकवा असतो: चिन्हाची गल्लत केली की येणारं उत्तर, किंवा एकक बदलायचं राहिलं की येणारं. समजा चुकणाऱ्यांपैकी साठ टक्के मुलं या चकव्यात सापडतात आणि उरलेल्या दोन पर्यायांवर वीस-वीस टक्के जातात. मग चूक जुळण्याची शक्यता एक-तृतीयांशावरून चव्वेचाळीस टक्क्यांवर जाते. फरक किरकोळ वाटतो. पण वीसपैकी अठरा जुळण्याचा योगायोग त्रेचाळीस लाखांत एकदा होता, तो आता सुमारे चाळीस हजारांत एकदा होतो. एका गृहीतकाने पुरावा शंभर पटींनी पातळ झाला. म्हणूनच विल्यम अँगॉफ यांनी १९७४ मध्ये अशा अनेक निर्देशांकांची तुलना केली, आणि १९९७ मध्ये जेम्स वोलॅक यांनी ‘ओमेगा’ नावाचा निर्देशांक मांडला. प्रत्येक पर्याय कोणत्या कुवतीच्या मुलाला किती खेचतो, याचा हिशेब ओमेगा आधी करतो आणि मगच दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवतो.

दुसरा सापळा गर्दीचा आहे. एका केंद्रावर तीनशे मुलं असतील तर त्यांच्या जोड्या होतात चव्वेचाळीस हजार आठशे पन्नास. चोवीस लाख मुलांच्या परीक्षेत प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली, तर जोड्यांची संख्या जवळपास तीन लाख कोटींवर जाते. त्या प्रत्येक जोडीत वीस चुकलेले प्रश्न सामाईक आहेत असं धरलं, तर त्रेचाळीस लाखांत एकदा घडणारा योगायोगसुद्धा साडेसहा लाख वेळा घडेल, तोही एकानेही मान वळवून न पाहता. त्यामुळे संगणकाने शोधून काढलेली जोडी आणि पर्यवेक्षकाने आधी संशय घेतलेली जोडी यांचं वजन सारखं नसतं. उत्तरांची जुळणी बैठक आराखड्यासोबत वाचली तरच तिला अर्थ येतो. पुढच्या-मागच्या बाकावरचं साम्य वेगळं, आणि गडचिरोली-कोल्हापूर यांच्यातलं साम्य वेगळं.

तिसरा सापळा मराठी घरांत सगळ्यांच्या ओळखीचा आहे: क्लास. एकाच सरांच्या हाताखाली दोन वर्षं घोकलेली मुलं एकाच पद्धतीने बरोबर येतात आणि एकाच पद्धतीने चुकतात. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये असंच झालं. हाइमे एस्कलांते या शिक्षकांकडे कॅल्क्युलस शिकलेली अठरा मुलं परीक्षेत पास झाली. वस्ती गरीब, मुलं बहुतेक मेक्सिकन वंशाची. त्यांतल्या चौदा जणांवर परीक्षा संस्थेने संशय घेतला, कारण त्यांच्या चुका एकमेकांशी जुळत होत्या. बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली, आणि बाराही जण पास झाले. ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा १९८८ चा चित्रपट याच घटनेवर आहे. त्या चौदांपैकी कोणीच पहिल्या वेळी कॉपी केली नव्हती, असं फेरपरीक्षेने सिद्ध होत नाही. पण त्यांना विषय येत होता, हे सिद्ध झालं.

नागपूरच्या सीमेला लागूनच असलेल्या मध्य प्रदेशात चुकांच्या या साक्षीवर शेकडो डॉक्टरांचं भवितव्य ठरलं. वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या व्यापमं घोटाळ्यातली एक पद्धत ‘इंजिन-डबे’ या नावाने ओळखली जाई. पैसे घेऊन आलेला हुशार डमी म्हणजे इंजिन, आणि त्याच्या मागे-पुढे बसवलेले खरे उमेदवार म्हणजे डबे. बैठक क्रमांक संगणकातच फिरवलेले असत, म्हणून ही गाडी नेमकी जुळून येई. इंजिन चुकलं की डबेही चुकत. चौकशीत एकापाठोपाठच्या बैठक क्रमांकांच्या जोड्या काढल्या गेल्या आणि त्यांची चुकीची उत्तरं किती जुळतात, हे सूत्र लावून तपासलं गेलं. पकडले गेलेले विद्यार्थी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी न्यायालयाने ६३४ जणांचे प्रवेश रद्दच ठरवले. त्यांतल्या अनेकांचा वैद्यकीय अभ्यासक्रम तोवर संपत आला होता किंवा संपलाही होता. इथे आकडे एकटे नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवं. फिरवलेले क्रमांक, जोड्यांची रचना आणि जुळणाऱ्या चुका या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

कॉपी मुलांनी न करता मास्तरांनीच केली असेल, तर वर्गाकडे पाहावं लागतं. ब्रायन जेकब आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञांनी शिकागोच्या शाळांमधली १९९३ ते २००० या काळातली उत्तरं तपासली आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांनी दोन खुणा शोधल्या. एक, वर्गाचे गुण एका वर्षी उसळतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षकाकडे गेल्यावर तितकेच आपटतात. खरं शिकलेलं असं विरून जात नाही. दोन, वर्गातल्या बऱ्याच मुलांची उत्तरं ओळीने पाच-सहा प्रश्नांवर अक्षर न अक्षर जुळतात, आणि तीही बहुधा शेवटच्या कठीण प्रश्नांवर, जिथे कमकुवत मुलं पोहोचतसुद्धा नाहीत. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर शिक्षकाने पेपर गोळा केल्यावर फळ्याकडे पाठ करून काय केलं, याचा अंदाज येतो. वर्षाला किमान चार-पाच टक्के वर्गांत असं घडत होतं, असा त्यांचा हिशेब होता. २००२ च्या वसंतात शिकागोच्या प्रशासनाने निवडक वर्गांची कडक देखरेखीखाली फेरपरीक्षा घेतली. ज्यांच्यावर संशय होता त्या वर्गांचे गुण कोसळले आणि ज्या वर्गांत खरोखर चांगलं शिकवलं जात होतं त्यांचे टिकले. फेरपरीक्षेची ही जोड मिळाल्यामुळेच तो अभ्यास आजही दाखल्यासारखा वापरला जातो.

अटलांटात खोडरबराने घात केला. जॉर्जिया राज्याच्या २००९ च्या परीक्षेत चुकीचं उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा काही वर्गांत सरासरीच्या कित्येक पट निघाल्या. स्कॅनर पेन्सिलीचा पुसट डागही टिपतो. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली, आणि २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले.

भारतात ही युक्ती फारशी चालत नाही. इथे ओएमआर उत्तरपत्रिका बॉलपेनने भरायची असते, म्हणजे खोडण्याची सोयच नाही. तिची जागा कोऱ्या जागेने घेतली आहे. येतं तेवढं सोडवायचं, बाकीचे गोल कोरे ठेवायचे, ते नंतर कोणीतरी भरतं. गुजरातमध्ये गोध्राच्या केंद्रावर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट २०२४ परीक्षेच्या वेळी हाच बेत असल्याचा आरोप झाला. अशा उत्तरपत्रिकेत खाडाखोड सापडत नाही, पण दुसरी विसंगती सापडते. ज्याला सोपे प्रश्न आले नाहीत त्याला अवघड कसे आले? प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आणि मुलं हुशारीच्या क्रमाने लावली, तर बरोबर उत्तरांचा एक जिना दिसायला हवा. जपानमध्ये ताकाहिरो सातो यांनी सत्तरच्या दशकात अशा तक्त्यांवरून ‘सावधानता निर्देशांक’ काढला. जिन्याच्या पायऱ्या उलट्यासुलट्या झाल्या की तो वाढतो. पण आजारी मूल, घाईत एक गोल सोडून भरत गेलेलं मूल आणि निम्माच अभ्यासक्रम पक्का केलेलं मूलही तो वाढवतं. निर्देशांकाच्या नावातच सावधानता आहे ती यामुळे.

महाराष्ट्रातली मोठी प्रकरणं पाहिली, तर आकडेशास्त्राला आणखी एक धडा मिळतो. इथला गैरव्यवहार बहुतेक वेळा परीक्षेच्या खोलीत झालाच नाही. १९९९ मध्ये नागपूर विद्यापीठात उघड झालेलं, शहराला ‘कोहचाडे प्रकरण’ म्हणून ठाऊक असलेलं प्रकरण पुनर्मूल्यांकन आणि बोगस गुणपत्रिकांचं होतं. मुलाने पेपरात काय लिहिलं याला तिथे किंमतच नव्हती, गुण परीक्षा विभागातच वाढत होते. उत्तरं जुळवून पाहणाऱ्या निर्देशांकाला अशी चोरी दिसत नाही. ती दिसते ती वेगळ्या तक्त्यात. पुनर्मूल्यांकनात किती जणांचे गुण वाढले, किती जणांचे घटले, कितीने वाढले? प्रामाणिक फेरतपासणीत दोन-चार गुण इकडेतिकडे होतात, काही कमीही होतात. सगळे बदल वरच्या दिशेलाच आणि नेमके पास होण्यापुरतेच असतील, तर तो तक्ता आपोआप बोलू लागतो.

वीस वर्षांनी टीईटीत तेच घडलं, फक्त संगणकावर. १९ जानेवारी २०२० रोजी झालेल्या शिक्षक पात्रता परीक्षेला सव्वातीन लाखांहून अधिक उमेदवार बसले. पात्र ठरले सोळा हजारांहून थोडे जास्त, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. टीईटीचा निकाल नेहमीच तुटपुंजा लागतो, त्यामुळे वरवर पाहता काहीच खटकत नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे सायबर पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना आणि परीक्षेचं काम पाहणाऱ्या कंपनीच्या संचालकाला अटक केली. मूळ गुण आणि जाहीर झालेले गुण एकेक करून ताडून पाहिल्यावर पात्र ठरलेल्यांपैकी ७,८०० हून अधिक जणांचा निकाल खोटा निघाला. म्हणजे जवळपास निम्मे. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने त्यांची संपादणूक रद्द केली. त्यासाठी कुठलं अवघड गणित लागलं नाही. दोन याद्या शेजारी ठेवायच्या होत्या. त्या आधी कोणी ठेवल्या नव्हत्या.

डमीचं तंत्रही असंच आकड्यांच्या नजरेतून निसटतं. सप्टेंबर २०२१ मध्ये नीटला डमी बसवण्याच्या कटाचा गुन्हा सीबीआयने नागपुरातल्या एका शैक्षणिक सल्लागार संस्थेविरुद्ध नोंदवला. एका उमेदवारामागे पन्नास लाखांचा भाव असल्याचा आरोप होता. हुशार डमीने एकट्याने सोडवलेला पेपर संपूर्ण सुसंगत असतो. त्याचा जिना सरळ असतो आणि शेजाऱ्याशी त्याच्या चुका योगायोगापलीकडे जुळत नाहीत. तो सापडला तर फोटो, बोटाचे ठसे आणि बारावीच्या गुणांशी केलेली तुलना यांतूनच सापडायचा.

दहावी-बारावीत तर उत्तरं लेखी, त्यामुळे ओएमआरचं गणित तिथे लागूच होत नाही. तिथे परीक्षकाचा डोळा लागतो. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर विभागात बारावीच्या भौतिकशास्त्राच्या ३७२ उत्तरपत्रिकांत मधलीच काही पानं दुसऱ्या हस्ताक्षरात असल्याचं आढळलं. एक उत्तरपत्रिका असती तर चर्चाही झाली नसती. ३७२ म्हणजे एक साखळीच.

संपूर्ण केंद्राच्या पातळीवरचा जुना, सोपा निकष मात्र महाराष्ट्रात कामाला आला. जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी नांदेडमध्ये कॉपीमुक्तीची मोहीम राबवली तेव्हा पहिल्याच वर्षी निकाल धाडकन खाली आला. नंतर या प्रयोगाला ‘नांदेड पॅटर्न’ नाव पडलं आणि राज्यभर मोहिमा निघाल्या. देखरेख वाढली आणि निकाल घसरला, तर आधीच्या निकालात किती पाणी होतं, ते त्या दोन वर्षांमधल्या फरकावरून मोजता येतं. इंडोनेशियाने २०१५ नंतर हेच देशपातळीवर केलं. शाळानिहाय सचोटीचा निर्देशांक काढला आणि हळूहळू परीक्षा संगणकावर नेली. ज्या शाळांचा कागदी निकाल सर्वांत फुगलेला होता, त्यांचे गुण संगणकावर सर्वांत जास्त उतरले.

आता नीट २०२४. ५ मे रोजी परीक्षा, ४ जूनला निकाल, आणि त्या दिवसापासून देशभरात एकच आकडा गाजला: ६७. इतक्या जणांना ७२० पैकी ७२०. शिवाय काही जणांना ७१८ आणि ७१९. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक असताना ७२० च्या खालचा गुण ७१६ किंवा ७१५ असायला हवा. ७१९ मिळवणं गणितानेच अशक्य. पेपर फुटला याचा हाच पुरावा, असं लाखो पालकांना वाटलं.

दोन्ही आकड्यांचा उगम वेगळाच निघाला. सहा केंद्रांवर वेळ वाया गेल्याची भरपाई म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते. ७१८ आणि ७१९ तिथून आले. ते गुण मागे घेऊन २३ जूनला फेरपरीक्षा झाली, आणि त्यात कोणालाच पैकीच्या पैकी मिळाले नाहीत. हरियाणातल्या झज्जरच्या ज्या केंद्रावर सहा टॉपर होते, तिथे नंतर जाहीर झालेल्या केंद्रनिहाय यादीत सर्वाधिक गुण ६८२ होते. ६७ चे ६१ झाले. उरलेल्यांपैकी ४४ जणांना भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचा फायदा मिळाला होता, कारण एनसीईआरटीच्या जुन्या आणि नव्या पुस्तकांत त्याची उत्तरं वेगळी होती आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही पर्याय ग्राह्य धरले होते. आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवल्यावर उरले १७. सगळ्यात संशयास्पद वाटलेला आकडा, त्यात एकाही मुलाची कॉपी सिद्ध न होता, चौथाईवर आला.

आणि खरी पेपरफुटी? ती झाली होती. हजारीबागच्या एका केंद्रावर पेटी उघडून पेपर काढला गेला आणि हजारीबागमध्येच तो सोडवून घेतला गेला. हजारीबाग आणि पाटण्यात मिळून १५५ लाभार्थी असल्याचं सीबीआयच्या तपासातून सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. केंद्र सरकारने आयआयटी मद्रासचं विश्लेषण सादर केलं: गुणांचा आलेख नेहमीसारखा घंटेच्या आकाराचा आहे, ५५० ते ७२० या पट्ट्यातली वाढ सगळ्या शहरांत सारखी दिसते आणि तिचं कारण अभ्यासक्रमात झालेली सुमारे पाव कपात हे आहे, असा त्याचा आशय होता. फेरपरीक्षा मागणाऱ्या याचिकाकर्त्यांनी बरोबर मर्मावर बोट ठेवलं. तेवीस लाखांच्या समुद्रात दीडशे थेंब मिसळले, तर घंटा आपला आकार बदलत नाही. लाभार्थी वेगवेगळ्या केंद्रांवर बसले असतील, तर केंद्रनिहाय सरासरीतही ते दिसणार नाहीत. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने २० जुलैपर्यंत शहर व केंद्रनिहाय निकाल जाहीर करायला लावले. एकूण ४,७५० केंद्रांची यादी संकेतस्थळावर आली आणि त्या रात्रीपासून अनेक घरांत एक्सेल उघडलं गेलं. राजस्थानातलं सीकर वर आलं, पण ते क्लासचंच गाव. तिथे गुण जास्त असणं हे कॉपीचं लक्षण की क्लासच्या जाहिरातीचं, हे त्या यादीवरून ठरवता येत नव्हतं.

२३ जुलैला न्यायालयाने देशव्यापी फेरपरीक्षेला नकार दिला. परीक्षेचं पावित्र्य सर्वत्र भंगल्याचा पुरावा नाही, असं म्हटलं. पण पुढे कधीही कोणी लाभार्थी आढळला तर त्याला आपल्या प्रवेशावर हक्क सांगता येणार नाही, हेही नोंदवून ठेवलं. हिदायतुल्लांच्या १९७० च्या निकालाला हे जवळचंच सूत्र. तिथे संपूर्ण केंद्र बिघडलं होतं म्हणून सगळी परीक्षा गेली. इथे सगळं बिघडल्याचं दिसलं नाही म्हणून परीक्षा राहिली आणि जबाबदारी एकेका व्यक्तीवर आली.

आकड्यांमधली प्रत्येक विचित्र गोष्ट गुन्हा नसते, याची उदाहरणं आपल्याकडे भरपूर आहेत. राज्य मंडळाच्या निकालात ३५ गुणांवर मुलांची उसळी दिसते. ती सवलतीच्या गुणांची, जी नियमात बसते. २०१३ मध्ये देवर्घ्य दास या विद्यार्थ्याने आयसीएसई-आयएससीचे सुमारे दोन लाख निकाल गोळा केले, तेव्हा ३५ ते १०० मधले ३३ आकडे कोणालाच मिळाले नव्हते. मॉडरेशनने गुणपत्रिकेत अशी भोकं पाडली होती. कॉपीशी त्याचा संबंध नव्हता, पण पारदर्शकतेशी नक्कीच होता. जानेवारी २०२४ मध्ये तलाठी भरतीच्या यादीत २०० पैकी २१४ गुण दिसले आणि राज्यभर संताप उसळला. अनेक सत्रांत घेतलेल्या परीक्षेत सोप्या-अवघड पेपरांचं समानीकरण केलं की असे गुण येऊ शकतात. त्या भरतीतल्या इतर तक्रारींची चौकशी वेगळी, पण २१४ हा आकडा एकटा कशाचाच पुरावा नव्हता.

संगणकावरच्या परीक्षांनी एक नवं साधन दिलं आहे, ते म्हणजे वेळ. प्रत्येक प्रश्न कधी उघडला, उत्तर कधी दिलं, किती वेळा बदललं, हे सर्व्हर लिहून ठेवतो. दीड मिनिटाचं गणित एखाद्याने सात सेकंदांत, तेही बरोबर, तेही एकामागून एक अनेक वेळा सोडवलं, तर प्रश्न आधीच पाहिलेला असण्याची शक्यता वाढते. एमएचटी-सीईटीसारख्या परीक्षा संगणकावर होत असल्याने अशी नोंद ठेवणं अवघड राहिलेलं नाही. मात्र इथेही तोच हिशेब लागू होतो. दहा हजार मुलांत शंभर जणांनी गैरप्रकार केला, चाचणीने त्यांतले नव्वद पकडले आणि निर्दोष मुलांपैकी फक्त एक टक्का चुकून पकडले, तरी पकडलेल्यांत ९० दोषी आणि ९९ निर्दोष निघतात. बदनामीच्या यादीत निम्म्याहून जास्त नावं निरपराधांची.

कायदा आता कडक आहे. महाराष्ट्रात १९८२ पासून परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा आहे, आणि केंद्राचा नवा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. संघटित गुन्ह्याला पाच ते दहा वर्षांची कैद आणि किमान एक कोटीचा दंड. हा कायदा पेपर फोडणाऱ्यांवर आणि परीक्षा यंत्रणेवर रोखलेला आहे, परीक्षार्थ्यांवर नाही. त्यामुळे तपासाची दिशाही बदलायला हवी: मुलांच्या उत्तरांआधी गुणांच्या याद्या, पुनर्मूल्यांकनातले बदल, केंद्रवाटप, बैठक क्रमांकांची रचना. टीईटीत आणि नागपूरच्या १९९९ च्या प्रकरणात चोरी तिथेच झाली होती.

नीट २०२४ चे केंद्रनिहाय गुण लोकांपुढे आले, नावांशिवाय. प्रश्नागणिक उत्तरं मात्र आली नाहीत, आणि कोण कोणाच्या मागे बसलं होतं तेही नाही. या दोन गोष्टींशिवाय बर्डची १९२७ ची साधी कसोटीसुद्धा बाहेरच्या कोणाला लावता येत नाही. एक्सेल उघडून बसलेल्यांच्या हाती फक्त बेरजा होत्या. चुकांचा तपशील परीक्षा घेणाऱ्यांच्याच सर्व्हरवर राहिला.